विश्लेषण : लष्करी गुपित ते कारखान्याची भाषा... गास्पार मोंज यांनी ड्रॉइंग कसे बदलले?

आयटीआयचा फिटर असो की इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, त्याची पहिली झटापट होते ती ड्रॉइंगच्या तासाला. समोर एक लाकडी ठोकळा ठेवलेला असतो आणि कागदावर त्याची दोन-तीन सपाट चित्रे काढायची असतात. एक समोरून, एक वरून, एक बाजूने. त्यांची नावे एलिव्हेशन, प्लॅन आणि साइड व्ह्यू. यातले एकही चित्र त्या ठोकळ्यासारखे दिसत नाही. तरीही ती चित्रे हातात पडली, की तो ठोकळा कधीही न पाहिलेला कारागीर तो हुबेहूब बनवू शकतो. घराचा नकाशा, बसचे इंजिन, नळाची तोटी, मोबाइलचे कव्हर अशा सगळ्या वस्तू तयार होण्याआधी याच भाषेत लिहिल्या जातात. या भाषेला व्याकरण दिले गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने. ती घडली एका लष्करी शाळेत, आणि त्या शाळेत विद्यार्थी म्हणून प्रवेश घेण्याचा हक्क खुद्द मोंज यांनाच नव्हता. ही पद्धत अनेक वर्षे गुपित का राहिली, ती सर्वांसाठी खुली कशी झाली आणि आजही ती का शिकवली जाते, याचा हा आढावा.

मूळ अडचण काय होती?

वस्तूला लांबी, रुंदी आणि उंची अशी तीन मापे असतात. कागदाला दोनच. चित्रकार यावर एक तोडगा काढतो. डोळ्याला जसे दिसते तसे तो काढतो. दूरचे लहान, जवळचे मोठे. रेल्वेचे रूळ क्षितिजाजवळ एकत्र येताना दाखवले की चित्र खरे वाटते. पण अशा चित्रावरून रूळ बनवता येत नाहीत, कारण चित्रावर पट्टी ठेवून मोजलेले अंतर खरे नसते.

कारागिराला हवे असते ते मोजता येणारे चित्र. अठराव्या शतकात हे काम अडले होते ते प्रामुख्याने तीन ठिकाणी. पाथरवटाला कमानीतला प्रत्येक दगड कोणत्या कोनात तासायचा हे आधी ठरवावे लागे. सुताराला छपराच्या तिरक्या वाशांची खरी लांबी हवी असे. आणि किल्ला बांधणाऱ्या लष्करी इंजिनीअरला तट किती उंच हवा, याचा हिशेब करावा लागे. प्रत्येक व्यवसायाचे आपापले आडाखे होते. ते उस्तादाकडून शागिर्दाकडे जात. पाथरवटाची युक्ती सुताराला उपयोगी पडत नसे, आणि नवा आकार समोर आला की जुना आडाखा थिटा पडे.

मोंज कोण होते?

गास्पार मोंज यांचा जन्म मे १७४६ मध्ये फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात, बोन या छोट्या गावात झाला. वडील जाक मोंज हे किरकोळ व्यापारी. घराण्याला ना जमीन, ना पदवी. पण मुलांनी शिकावे हा त्यांचा ध्यास होता. गावातल्या ख्रिस्ती धर्मसंघाच्या शाळेत गास्पार शिकले आणि १६व्या वर्षी लियाँ शहरात पुढील शिक्षणासाठी गेले. तिथे त्यांची हुशारी पाहून वर्षभरातच त्यांच्याकडे भौतिकशास्त्र शिकवण्याचे काम सोपवण्यात आले.

१७६४ मध्ये ते गावी परतले आणि त्यांनी बोन शहराचा मोठ्या प्रमाणावरील नकाशा तयार केला. मोजणीची तयार साधने हाताशी नव्हती. ती त्यांनी स्वतः बनवली, मोजण्याच्या पद्धतीही स्वतःच बसवल्या. हा नकाशा एका लष्करी अधिकाऱ्याच्या पाहण्यात आला. उत्तर फ्रान्समधील मेझियेर येथे लष्करी इंजिनीअर घडवणारी राजेशाही शाळा होती. या मुलाला तिथे घ्यावे, अशी शिफारस त्याने केली.

मग त्यांना प्रवेश मिळाला का?

मिळाला, पण मागच्या दाराने. मेझियेरच्या शाळेत अधिकारी म्हणून शिकण्यासाठी बुद्धी पुरेशी नव्हती, कूळ लागत असे. व्यापाऱ्याच्या मुलाला तिथे बसता येत नव्हते. शाळेला जोडून एक कार्यशाळा होती. तिथे बांधकामावर देखरेख करणारे मुकादम आणि आराखडे काढणारे तयार केले जात. मोंज यांची नेमणूक या विभागात झाली. काम होते आराखडे रेखाटण्याचे आणि कमानींचे, दगडांचे नमुने प्लास्टरमध्ये घडवण्याचे.

ही जागा कमीपणाची मानली जाई आणि मोंज यांना ती बोचत होती. आपल्या हाताचे कौतुक होते, डोक्याचे नाही, ही त्यांची खंत होती. पण याच जागेने त्यांना एक गोष्ट दिली. अधिकारी होणारे तरुण भूमिती वहीत शिकत. मोंज ती हाताने शिकले. प्लास्टरचा ठोकळा तासताना दोन वाकडे पृष्ठभाग एकमेकांना कुठे छेदतात, ती छेदरेषा कागदावर कशी उमटते, हे त्यांनी रोज पाहिले.

तटबंदीचे गणित काय होते?

वर्षभराने मोंज यांच्यासमोर एक नेहमीचे काम आले. एका किल्ल्याचा आराखडा तपासायचा होता. किल्ल्याभोवती चढउताराची जमीन असते. शत्रू त्यातल्या कोणत्याही टेकाडावर तोफ चढवू शकतो. त्यामुळे किल्ल्याच्या आतील भाग कोणत्याही टेकाडावरून नजरेच्या आणि थेट माऱ्याच्या टप्प्यात येणार नाही, इतकी तटाची उंची ठेवावी लागते. उंची कमी पडली तर आतले सैनिक मरतात. वाजवीपेक्षा जास्त ठेवली तर दगड, मजूर आणि पैसा वाया जातो.

त्या काळी याचे उत्तर लांबलचक आकडेमोडीने काढत. प्रत्येक टेकाडाची उंची, प्रत्येक कोपऱ्याचे अंतर, मग गुणाकार-भागाकारांची पाने. मोंज यांनी आकडेमोड बाजूला ठेवली. टेकाडांच्या माथ्यांना चाटून जाणारा एक तिरका सपाट पडदा कल्पनेने उभा केला आणि तो तटाला कुठे छेदतो, हे थेट कागदावर रेषा ओढून शोधले.

ते इतक्या लवकर उत्तर घेऊन आले की प्रमुख अधिकाऱ्याने ते तपासायलाच नकार दिला. एवढ्या वेळात आकडेमोड पुरी होणेच शक्य नाही, असे त्याचे म्हणणे. मोंज यांनी आग्रह धरला. आपण आकडेमोड केलेलीच नाही, वेगळी रीत वापरली आहे, हे पटवले. मग आराखडा तपासला गेला आणि तो अचूक निघाला. इथून त्यांचे दिवस पालटले. १७६९ मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी ते त्याच शाळेत गणित शिकवू लागले. ज्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसायला मनाई होती, त्या वर्गात ते आता फळ्यापाशी उभे होते. पुढे फ्रेंच क्रांतीच्या सैन्याची उभारणी करणारे लाझार कार्नो हे त्यांच्या मेझियेरमधील विद्यार्थ्यांपैकी एक.

मात्र या पद्धतीला शाळेच्या भिंतींबाहेर जाण्याची मुभा नव्हती. किल्ले बांधण्याची किल्ली शत्रूच्या हाती पडू नये, म्हणून ती लष्करी गुपित मानली गेली.

ही पद्धत नेमकी काय आहे?

तुम्ही खोलीच्या कोपऱ्याजवळ उभे आहात असे समजा. समोर भिंत, खाली फरशी. भिंत हे उभे प्रतल, फरशी हे आडवे प्रतल. आता हवेत एक मणी टांगलेला आहे. त्या मण्यापासून भिंतीवर सरळ काटकोनात एक रेषा न्या, ती टेकते तिथे खूण करा. मण्यापासून फरशीवर ओळंबा सोडा, तो टेकतो तिथे दुसरी खूण करा. आता मणी काढून टाकला तरी चालेल. भिंतीवरच्या खुणेपासून काटकोनात निघा आणि फरशीवरच्या खुणेपासून सरळ वर या. दोन्ही रेषा हवेत एकाच ठिकाणी भेटतात. मणी तिथेच होता. म्हणजे हवेतल्या एका बिंदूची पुरती माहिती दोन सपाट खुणांत साठली.

पण भिंत आणि फरशी एका कागदावर कशी आणायची? मोंज यांनी फरशी एखाद्या पुस्तकाच्या पानासारखी खाली वळवली. भिंत आणि फरशी जिथे मिळतात ती रेषा म्हणजे बिजागरी. त्या बिजागरीवर फरशी ९० अंशांत खाली फिरवली की ती भिंतीच्या रेषेत, तिच्या खाली येते. आता दोन्ही एकाच सपाट कागदावर आहेत. वर एलिव्हेशन, खाली प्लॅन, मध्ये घडीची रेषा. शिवाय एकाच बिंदूच्या दोन्ही खुणा घडीच्या रेषेला काटकोनात असलेल्या एकाच उभ्या रेषेवर येतात. ड्रॉइंगच्या तासाला विद्यार्थी वरच्या चित्रातून खाली फिकट रेषा सोडतात, त्या याच.

बिंदू जमला की रेषा जमते, कारण रेषेची दोन टोके म्हणजे दोन बिंदू. रेषा जमल्या की पृष्ठभाग जमतो आणि पृष्ठभागांवरून घन वस्तू. मोंज यांनी या शास्त्राला वर्णनात्मक भूमिती असे नाव दिले.

नुसती दोन चित्रे काढण्यात विशेष ते काय?

एक उदाहरण घेऊ. एका मंगल कार्यालयाचा हॉल १२ मीटर लांब, ९ मीटर रुंद आणि ८ मीटर उंच आहे. फरशीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या विरुद्ध कोपऱ्यात छतापर्यंत दिव्यांची माळ ताणून बांधायची आहे. माळ किती लांब हवी?

हॉलचा प्लॅन काढला तर माळ फरशीच्या कर्णावर दिसते. ती मोजली तर १५ मीटर भरते. समोरून एलिव्हेशन काढले तर ती १२ मीटर लांब आणि ८ मीटर उंच आयताच्या कर्णावर दिसते. ती मोजली तर साधारण १४.४ मीटर भरते. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, कारण माळ भिंतीलाही समांतर नाही आणि फरशीलाही नाही. दोन्ही चित्रांत ती आखूड दिसते.

मोंज यांची रीत अशी. प्लॅनमधली १५ मीटरची रेषा एका टोकाशी धरून कंपासने फिरवायची आणि भिंतीला समांतर करायची. फिरवताना माळेच्या वरच्या टोकाची उंची बदलत नाही, ती ८ मीटरच राहते. आता एलिव्हेशनमध्ये आडवे १५ आणि उभे ८ अशी मापे घेऊन टोके जोडायची. ती तिरकी रेषा मोजली की १७ मीटर. हीच खरी लांबी. वायर १५ मीटरची आणली असती तर २ मीटर कमी पडली असती.

मोंज यांचे खरे योगदान इथे आहे. चित्र हे वस्तूची आठवण ठेवणारे कागदी रूप उरले नाही, ते प्रश्न सोडवणारे यंत्र झाले. वाशाची खरी लांबी, दोन उतारांमधला कोन, एक पाइप दुसऱ्याला छेदतो तिथली वळणदार रेषा, ही सगळी उत्तरे त्याच दोन चित्रांतून काढता येतात. पत्र्याचा डक्ट बनवणारा कारागीर पत्रा कापण्याआधी त्याच्यावर जो आकार आखतो, तो याच मार्गाने मिळतो.

मोंज यांच्याआधी कोणाला हे सुचले नव्हते का?

प्लॅन आणि एलिव्हेशन त्यांच्या फार आधीपासून होते. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर यांनी १५२५ मध्ये मोजमापावरचे पुस्तक लिहिले, त्यात आकारांची वरून आणि समोरून दिसणारी चित्रे आहेत. फ्रान्समध्ये जिरार देझार्ग यांनी सतराव्या शतकात दगड तासण्याची एक सर्वसाधारण रीत मांडली. १७३७ ते १७३९ या काळात आमेदे फ्रेझिए यांनी याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. मोंज यांनी हे सगळे शून्यातून निर्माण केले असे म्हणणे चूक ठरेल.

फरक असा, की त्याआधी दगडाची रीत दगडासाठी आणि लाकडाची लाकडासाठी होती. मोंज यांनी वस्तू बाजूला सारली आणि बिंदू, रेषा, प्रतल, वक्र पृष्ठ यांचे मोजके नियम सांगितले. मग वस्तू दगडाची असो वा लोखंडाची, नियम तेच. शिवाय ही रीत काही महिन्यांत वर्गात शिकवता येऊ लागली. त्यासाठी उस्तादाच्या हाताखाली आयुष्य घालवण्याची गरज उरली नाही.

गुपित उघड कसे झाले?

१७८० मध्ये मोंज पॅरिसच्या विज्ञान अकादमीवर निवडून गेले. पुढे नौदलाच्या विद्यार्थ्यांचे परीक्षक झाले आणि १७८४ च्या अखेरीस त्यांनी मेझियेर सोडले. या काळात त्यांची जिज्ञासा अनेक वाटांनी धावत होती. लव्हाझिए यांच्याप्रमाणेच, पण स्वतंत्रपणे, त्यांनी १७८३ मध्ये दोन वायूंपासून पाणी तयार करण्याचा प्रयोग केला. मातीचे ढिगारे एका जागेवरून दुसऱ्या जागेच्या खड्ड्यांत कमीत कमी श्रमात कसे न्यावेत, हा बांधकामावरचा साधा प्रश्न त्यांनी गणितात मांडला. तो निबंध १७८१ चा. साधनांच्या वाटपाच्या अशाच गणितावर काम करणारे लिओनिद कांतोरोविच यांना १९७५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

१७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली. कुळावरून माणसाची जागा ठरवणारी व्यवस्था कोसळली आणि मोंज मनापासून क्रांतीच्या बाजूने उभे राहिले. ऑगस्ट १७९२ ते एप्रिल १७९३ ते नौदल मंत्री होते. राजा सोळाव्या लुईच्या मृत्युदंडाची अंमलबजावणी करणाऱ्या कार्यकारी मंडळात त्यांचाही समावेश होता. मंत्री म्हणून ते फारसे यशस्वी ठरले नाहीत. मात्र मंत्रिपद सोडल्यावर त्यांना त्यांच्या ताकदीचे काम मिळाले. फ्रान्सला चहूबाजूंनी शत्रूंनी वेढले होते. तोफा आणि बंदुकांची दारू कमी पडत होती. मोंज यांनी पोलाद आणि तोफा घडवण्याबाबत साध्या भाषेत मार्गदर्शन लिहिले. कारखान्यांत जाऊन कारागिरांबरोबर उभे राहून काम पाहिले. तोफांच्या निर्मितीवरच्या त्यांच्या पुस्तकात भट्ट्या आणि यंत्रांची मोजता येणारी चित्रे पानोपानी आहेत.

याच अनुभवातून त्यांची एक धारणा पक्की झाली. देशाच्या उद्योगाला अचूकतेची सवय लागली नाही तर तो परदेशी मालावर विसंबून राहील. आणि ही सवय लावायची तर ड्रॉइंगची भाषा कल्पक इंजिनीअरपासून ती वाचून काम करणाऱ्या कारागिरापर्यंत सर्वांना आली पाहिजे. १७९५ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये शिक्षक घडवणारी नवी शाळा, एकोल नॉर्माल, सुरू झाली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या हजाराहून अधिक श्रोत्यांसमोर मोंज यांनी वर्णनात्मक भूमितीची व्याख्याने दिली. लघुलेखकांनी ती उतरवून घेतली आणि ती छापली गेली. मेझियेरच्या भिंतींत कोंडलेले गुपित आता कोणालाही वाचता येत होते. १७९९ मध्ये त्यांचे शिष्य आशेत यांच्या मदतीने ही व्याख्याने पुस्तकरूपाने आली.

एकोल पॉलिटेक्निकचे महत्त्व काय?

सार्वजनिक बांधकामांसाठी इंजिनीअर घडवणारी एक शाळा १७९४ मध्ये स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिचे नाव एकोल पॉलिटेक्निक झाले. तिची आखणी करणाऱ्यांत मोंज आघाडीवर होते. प्रवेशासाठी कूळ विचारले जात नव्हते. स्पर्धा परीक्षा होती, आणि निवड झालेल्यांना सुरुवातीच्या काळात सरकारी भत्ता मिळत असे. अभ्यासक्रमात वर्णनात्मक भूमितीला मानाचे स्थान होते. विद्यार्थी व्याख्यान ऐकून लगेच ड्रॉइंगच्या टेबलावर बसत आणि मोंज त्यांच्यामधून फिरत. बोलताना ते हातांनी हवेत पृष्ठभाग उभे करत, असे त्यांच्या शिष्यांनी नोंदवले आहे.

या शाळेचे विद्यार्थी ही पद्धत घेऊन जगभर गेले. क्लॉड क्रोझे हे त्यांतले एक. नेपोलियनच्या पराभवानंतर ते अमेरिकेला गेले, वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत शिकवू लागले आणि १८२१ मध्ये त्यांनी या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. दुसरे व्हिक्टर पोन्सले. नेपोलियनच्या रशिया मोहिमेत ते युद्धकैदी झाले. जवळ एकही पुस्तक नसताना मोंज यांच्याकडून आलेली भूमिती आठवत त्यांनी कैदेत नव्या भूमितीचा पाया घातला.

नेपोलियनशी त्यांचे नाते कसे होते?

मोंज यांच्या आयुष्यातला हा सर्वात वादाचा भाग. १७९६ मध्ये इटलीतील कलावस्तू निवडून फ्रान्सला पाठवणाऱ्या समितीवर त्यांची नेमणूक झाली. जिंकलेल्या देशातील चित्रे आणि शिल्पे उचलून नेण्याचे हे काम होते आणि मोंज यांनी ते उत्साहाने केले. तिथेच तरुण सेनापती नेपोलियनशी त्यांची मैत्री जमली. १७९८ मध्ये ते नेपोलियनबरोबर इजिप्तला गेले. कैरोत स्थापन झालेल्या इजिप्त संस्थेचे ते अध्यक्ष झाले, उपाध्यक्ष होते खुद्द नेपोलियन. वाळवंटात तहानलेल्या सैनिकांना दूर पाणी दिसे आणि जवळ गेल्यावर ते नाहीसे होई. या मृगजळाचे कारण मोंज यांनी तिथेच लिहून काढले. तापलेल्या जमिनीलगतच्या हवेच्या थरातून प्रकाश वळतो आणि आकाशाचे प्रतिबिंब पाण्यासारखे भासते.

पुढे नेपोलियन सम्राट झाले. क्रांतीचा कट्टर समर्थक असलेल्या मोंज यांनी सिनेटचे सदस्यत्व स्वीकारले, सिनेटचे अध्यक्षपद भूषवले आणि १८०८ मध्ये काउंट ही पदवीही घेतली. कूळ नाही म्हणून ज्यांना शाळेत बसू दिले नव्हते, त्यांनी शेवटी सरदारकीच स्वीकारली. ही विसंगती त्यांच्या चरित्रकारांनी लपवलेली नाही. मैत्री मात्र त्यांनी शेवटपर्यंत निभावली.

अखेर कशी झाली?

१८१५ मध्ये नेपोलियनचा निर्णायक पराभव झाला आणि राजघराणे परतले. १८१६ मध्ये विज्ञान संस्थेच्या यादीतून मोंज यांचे नाव काढून टाकण्यात आले. त्यांच्या जागी गणितज्ञ कोशी यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी एकोल पॉलिटेक्निक काही काळ बंद करण्यात आली. प्रकृती आधीच ढासळली होती, त्यात हा घाव बसला. २८ जुलै १८१८ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

अंत्ययात्रेला जाण्याची परवानगी पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी मागितली. सरकारने ती नाकारली. विद्यार्थ्यांनी आदेश मोडला नाही. पुढच्या सुटीच्या दिवशी ते पेर लाशेज दफनभूमीत गेले आणि आपल्या गुरूच्या थडग्यावर फुले वाहून आले. आयफेल टॉवरवर ज्या ७२ शास्त्रज्ञ-इंजिनीअरांची नावे कोरली आहेत, त्यांत मोंज यांचे नाव आहे. १९८९ मध्ये, क्रांतीच्या द्विशताब्दीला, त्यांचे अवशेष सन्मानाने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवण्यात आले.

आपल्या ड्रॉइंगशी याचा संबंध काय?

थेट संबंध आहे. मोंज यांनी वस्तू भिंतीच्या पुढे आणि फरशीच्या वर ठेवली होती. या मांडणीला आज प्रथम कोन पद्धत म्हणतात. तिच्यात एलिव्हेशन वर आणि प्लॅन त्याच्या खाली येतो. युरोपात हीच रूढ आहे आणि भारतीय मानक ब्युरोनेही हीच स्वीकारली आहे. अमेरिकेत तृतीय कोन पद्धत चालते. तिथे वस्तू काचेच्या पेटीत ठेवली आहे असे मानतात आणि जिकडून पाहिले तिकडच्याच काचेवर चित्र काढतात. त्यामुळे प्लॅन वर जातो आणि डावीकडून दिसणारे चित्र डावीकडेच येते. प्रथम कोनात ते उजवीकडे येते.

हा केवळ परीक्षेतला प्रश्न नाही. अमेरिकी ड्रॉइंग प्रथम कोनाचे समजून वाचले तर डाव्या बाजूचे भोक उजव्या बाजूला पाडले जाऊ शकते आणि पूर्ण लॉट भंगारात जातो. म्हणूनच ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील चौकटीत तोंड कापलेल्या शंकूचे छोटे चिन्ह असते. कोणती पद्धत वापरली आहे हे ते सांगते. चाकण किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत परदेशी कंपनीचे काम घेताना आधी ते चिन्ह पाहावे.

दोन चित्रे पुरतात, मग तिसरे कशाला?

आडवा ठेवलेला गोल दांडा आणि तितक्याच मापाचा चौकोनी दांडा आठवा. समोरून दोन्ही आयत, वरून दोन्ही आयतच. बाजूचे चित्र काढले की एकात वर्तुळ आणि दुसऱ्यात चौकोन दिसतो. मोंज प्रत्येक बिंदूला अक्षर देत, त्यामुळे त्यांचे काम दोन चित्रांत भागत असे. कारखान्याच्या धावपळीत अक्षरे वाचत बसण्यापेक्षा तिसरे चित्र सोयीचे. याच सोयीतून पुढे इतर संकेत आले. दिसणारी कड ठळक रेषेने, आत लपलेली कड तुटक रेषेने आणि मध्याची अक्षरेषा लांब-आखूड तुकड्यांनी दाखवतात. आतले दाखवायचे असेल तर वस्तू कापली आहे असे कल्पून छेद काढतात आणि कापलेला भाग तिरक्या रेषांनी भरतात.

कॅडच्या जमान्यात हे शिकायचे कशाला?

आता संगणकावर थ्रीडी मॉडेल बनवले की प्लॅन, एलिव्हेशन आणि छेद एका क्लिकवर मिळतात. खरी लांबीही संगणक सांगतो. त्यामुळे हाताने ड्रॉइंग काढण्याचे तास अनेक ठिकाणी कमी झाले आहेत. तरीही बांधकाम परवानगीसाठी दाखल होतो तो नकाशा, फ्लॅट घेताना हातात येतो तो ले-आउट आणि लेथवर काम करणाऱ्याच्या समोर चिकटवलेला कागद आजही सपाटच असतो. तो वाचून डोक्यात वस्तू उभी करण्याचे काम संगणक करत नाही, ते माणसालाच करावे लागते. ड्रॉइंगच्या तासाला विद्यार्थी जे चाचपडतात, ते रेषा काढण्यात नव्हे, तर हेच वाचण्यात.

घरच्या घरी एक प्रयोग करता येईल. काडेपेटी टेबलावर ठेवा, समोरून आणि अगदी वरून मोबाइलवर दोन फोटो काढा. मग ते फोटो काडेपेटी न पाहिलेल्या कोणाला तरी, तिच्या एका बाजूच्या मापासह दाखवा आणि कागदाची तशीच पेटी बनवायला सांगा. फोटो जवळून काढले असतील तर कडा तिरप्या दिसतील आणि मापे चुकतील. लांबून, झूम करून काढले तर ती बरीच जुळतील. जवळच्या फोटोत चित्रकाराची नजर असते. लांबचा फोटो मोंज यांच्या काटकोनी रेषांच्या जवळ जातो.